गच्चीवरच्या तीन वाट्या

॥ श्री ॥

शनिवार, १५ मार्च

आज आलेलं सामान: लोखंडी खांब एक, माणसाहून उंच. त्याच्या टोकावर बसवायची तीन काळ्या वाट्यांची भिंगरी एक. दिशा दाखवायचं पातं एक. पांढरी पेटी एक, तिच्यावर आकडा उमटतो. उन्हावर चालणारी पाटी एक. वायर, बोल्ट. किंमत विमा कंपनीची. बसवायला लातूरहून आलेल्या सुदर्शन नावाच्या इंजिनिअर पोराला विचारली तर म्हणाला, "काकू, तुमच्या गच्चीपेक्षा महाग आहे." घरचा खर्च: सिमेंट अर्धं पोतं २००, नारळ ४०, साखर पाव किलो ११. केळीची फणी घरची, हिशोबात धरली नाही.

यंत्र वारा मोजतं. आमच्या अर्धापूर भागात केळीच्या बागा. मोठा वारा सुटला की उभी झाडं मोडतात. आता विमा असा आहे म्हणे की नुकसान बघायला कुणी येणार नाही. वारा ताशी चाळीस किलोमीटरच्या वर गेला असं ह्या यंत्रानं सांगितलं की आजूबाजूच्या सगळ्या केळीवाल्यांना भरपाई. नाही सांगितलं तर कुणालाच नाही. अख्ख्या गावाची साक्ष आमच्या गच्चीवर उभी राहिली, म्हणून यांची छाती फुगली आहे.

यांचे चुलत भाऊ दगडोबा भावजी शेजारीच राहतात. ते म्हणाले, "किशनदादा, हे चावडीवर लावायचं व्हतं. गावाचं वारं एकट्याच्या घरावर कशाला?"

हे म्हणाले, "तुझ्या घराला जिना तरी हाय का?"

लोक हसले. भावजी म्हणाले, "एक दिवस उपटून नेतो चावडीवर, बघत राहा." तेही सगळ्यांनी ऐकलं आणि तेव्हाही हसले.

निगा काय राखायची म्हणून सुदर्शनला विचारलं. "काही नाही काकू. फिरतंय का बघा, पक्ष्यानं घाण केली तर फडक्यानं पुसा." हे मला पटलं नाही. माझ्या वडिलांचं उदगीरला स्टेशनजवळ शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. फिरणाऱ्या वस्तूला काहीच लागत नाही असं ते कधी म्हणाले नसते. पण पोरगं शिकलेलं, मी दहावी. 

आज शनिवार. मारुती वाऱ्याचा लेक. नारळाचं पाणी खांबाच्या बुडाला घातलं.

मंगळवार, २५ मार्च

विहीर आमची आणि भावजींची सामाईक. मोटारीची पाळी आज त्यांची होती. हे आधीच जाऊन बटन दाबून बसले. मी भाकरी घेऊन पोचले तेव्हा भावजी म्हणत होते, "दादा, आज मपली पाळी हाय." यांनी फावड्याचा दांडा उचलला. एकच हाणला, पण खांद्याच्या हाडावर बसला. आमच्या सत्यमनं वरून एक लाथ घातली. तो आता चोवीस वर्षांचा आहे. राग त्याला नव्हता, बापाच्या मागं पडू नये म्हणून घातली असावी.

मी म्हणाले, पाळी खरंच भावजींची होती. मनगटावर वळ उठला. बांगड्या दोन फुटल्या. कासारीण आली की भरायच्या, १०.

दिवेलागणीला भावजींची बायको साखराबाई आली. "अक्का, हळद द्या चमचाभर, आमची सरली." मी दोन चमचे दिली. कशाला ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

रविवार, ३० मार्च, पाडवा

गुढी गच्चीवर यंत्राच्या शेजारी उभारली. भिंगरी पिसाटासारखी फिरत होती. पेटीवर अठरा, एकोणीस, बावीस. दहा-पंधरा दिवसांत तिनं आवाज धरला आहे, कुई कुई. रस्त्याचं काम चालू आहे, मुरमाची धूळ घरभर, तिथं वर काय असेल.

हे दुपारी पडले होते. दोनदा उठून बसले. "हिला गप कर, न्हाईतर काठीनं पाडतो." मी म्हटलं, गावाची वस्तू आहे. म्हणाले, "गाव झोपतंय का हितं?"

खर्च: साखरेच्या गाठी २०, कडुनिंब फुकट.

शनिवार, १२ एप्रिल, हनुमान जयंती

सकाळी यांनी खरंच काठी घेतली. जिन्यापर्यंत गेले. मी पायऱ्यांवर आडवी उभी राहिले. कानशिलात बसली, पण यांनी काठी खाली ठेवली.

मग मी विचार केला. मशीन कुरकुरली की वडील तिला तेल घालायचे. बाजारात मशीनच्या तेलाची बाटली साठ रुपयांना. घरात घाण्यावरून काढून आणलेलं करडईचं तेल डबाभर आहे, तेच आम्ही खातो, तेच देवाला. वडिलांची लांब चोचीची कुपी माझ्या मशीनच्या खणात होती, ती भरून घेतली. आधी देवळात जाऊन मारुतीला तेल वाहिलं, मग घरी येऊन गच्चीवर स्टुलावर चढून भिंगरीच्या मानेत सहा-सात थेंब सोडले. बापाला आणि लेकाला एकाच दिवशी तेल पोचलं, मनाला बरं वाटलं.

आवाज लगेच गेला. हे जेवून दिवस कलेपर्यंत झोपले. आता दर शनिवारी घालायचं ठरवलं.

खर्च: रुईच्या पानांची माळ १०, तेल घरचं.

शनिवार, २६ एप्रिल

तेल घातलं. भिंगरी आता शहाण्यासारखी फिरते. धूळ बसते ती तेलावर चिकटते, फडक्यानं पुसली तरी थोडी राहतेच. पेटीवर आकडा आठ, कधी नऊ. यंदा वाऱ्यानं दया केली. केळी निसवली आहे, घड खाली लोंबतात, ह्या दिवसांत वारा नसलेलाच बरा.

सत्यमनं बसस्टँडवर कुणाचं तरी डोकं फोडलं. मोटारसायकल लावण्यावरून. हे म्हणाले, "माझ्यावर गेलाय." मी शर्ट मिठाच्या पाण्यात भिजत घातला. रक्त थंड पाण्यानंच जातं, गरम पाण्यानं बसतं.

बुधवार, ७ मे



दुपारी साखराबाईनं आणि मी गच्चीवर खाटेवर कुरडया घातल्या होत्या. चारच्या सुमारास पश्चिमेकडून आभाळ तांबूस झालं. माझे गुडघे धरलेले. खाली अंगणात भावजी उभे होते, त्यांना हाक मारली. "भावजी, तेवढी खाट खाली घ्या, कुरडया जातील." ते धावत वर गेले, खाट डोक्यावर घेऊन उतरले. शेवटच्या पायरीवर त्यांची टोपी उडाली. म्हणाले, "वैनी, टोपीचा हिशोब तुमच्या वहीत लिवा." तेवढंच हसलो.

मग आलं ते. आधी धूळ, मग आवाज. आवाज असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. भावजींच्या गोठ्यावरचे पत्रे एका झटक्यात सुटले. एक पत्रा अंगण ओलांडून आला आणि दाव्याला बांधलेल्या आमच्या कालवडीच्या मानेवर आडवा बसला. ती उभ्याची खाली आली. हंबरलीसुद्धा नाही. पाय झाडत राहिली आणि पावसानं ते रक्त धुवायला सुरुवात केली. मी ओट्यावरून बघत होते, जाता येत नव्हतं. लिंबाचं झाड बुडासकट उपटून रस्त्यावर पडलं.

जिन्याच्या झरोक्यातून वर बघितलं. सगळं गाव उडत होतं आणि भिंगरी मात्र सावकाश फिरत होती, कुणी देवाला प्रदक्षिणा घालावी तशी. हात जोडले. मोडली नाही. तेवढी तरी राखली मारुतीरायानं.

गुरुवार, ८ मे

हे बागेतून आले ते ओट्यावरच बसले. मी जाऊन बघितलं. उभी बाग आडवी. खोडं कमरेतून मोडलेली, घड चिखलात, त्यांतून पाणी गळत होतं. भावजींची बाग बांधापलीकडं, तीही तशीच. गावात कुणाचीच उभी नाही. तरी पारावर माणसं फार खचलेली दिसली नाहीत. मल्लिनाथअप्पा, ज्यांची बाग सगळ्यांत मोठी, मोठ्यानं म्हणत होते, "असलं वारं बापजन्मी पाह्यलं न्हाई. विमा तर लागलाच."

कालवड पुरली. जे.सी.बी.वाल्याला ५००.

रविवार, ११ मे

सगळ्यांच्या मोबाईलवर आलं. बुधवारचा जास्तीत जास्त वारा: ताशी एकोणीस किलोमीटर. भरपाई नाही.

मी सत्यमला तीनदा वाचायला लावलं. एकोणीस. पाडव्याला बावीस होता आणि तेव्हा गुढीवरचा गडूसुद्धा हलला नव्हता.

दहाच्या सुमारास गाव दारात आलं. आधी हाका, मग दगड. खिडकीच्या काचा तीन, तुळशीवृंदावनाचा कोपरा, बाहेरचा रांजण. एक दगड देवघरापर्यंत आला. मल्लिनाथअप्पा ओरडत होते, "किशनराव, कंपनीकडून किती घेतले ते सांग. आज तुला जित्ता ठेवत न्हाई." कुणीतरी यांची बंडी धरून ओट्यावरून खाली ओढलं. हे पडले. लाथा बसल्या. सत्यम कुऱ्हाड घेऊन धावला, त्याला चौघांनी भिंतीला दाबून धरलं.

यांच्या नाकातून रक्त येत होतं. तसेच उठले, मारुतीच्या देवळात चालत गेले, सगळ्यांच्या देखत बेलभंडार उचलला. बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन माणूस खोटं बोलत नाही, हे आमच्याकडं लहान पोरालाही माहीत आहे. "मी यंत्राला हात लावला असंल तर माझा वंश बुडू दे." लोकांनी हातातले दगड खाली टाकले.

अप्पा म्हणाले, "मंग इंजिनेर येऊ दे उद्या. त्यानं सांगावं."

खर्च: काचा अजून बसवल्या नाहीत. हळद घरची.

सोमवार, १२ मे

सुदर्शन आला. मोटारसायकलवर एकटाच, बिचारा. त्याच्याबरोबर आठ-दहा माणसं गच्चीवर चढली, मी जिन्यात उभी. त्यानं भिंगरी बोटानं ढकलली. अर्धा वळसा घेऊन थांबली. पुन्हा ढकलली. "हे जड लागतंय," तो म्हणाला. "असं जड असायला नको. कुणी हात लावला होता का याला?"

मला विचारलं नव्हतं, माणसांत विचारलं होतं, म्हणून मी बोलले नाही. आणि बोलायला तरी काय होतं. मी निगा राखते, मोडत नाही.

तो भिंगरी काढून पिशवीत घालू लागला. म्हणे लातूरला नेऊन उघडावी लागेल. त्याबरोबर अप्पांच्या पुतण्यानं त्याची कॉलर धरली. "पुरावा घेऊन पळतो व्हय?" मग त्याला जिन्यावरून ढकललं. तो माझ्या पायाशी येऊन पडला, ओठ फाटलेला. पिशवी मात्र पोटाशी धरून होता. खाली अंगणात त्याला मधे घेऊन मारलं. मी पाणी नेलं तर तांब्या उडवून दिला. कसाबसा गाडीवर बसून गेला, चपला इथंच राहिल्या. जोड चांगला आहे, पुसून ठेवला.

तो गेल्यावर सत्यमनं सगळ्यांपुढं विचारलं, "माय, त्या दिवशी वर कोण कोण गेलं व्हतं?"

मी आठवून सांगितलं. आम्ही दोघी कुरडया घालायला. आणि वारं सुटायच्या आधी दगडोबा भावजी, खाट आणायला.

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मग हे हळूच म्हणाले, "उपटून नेतो म्हनला व्हता. आठवतं का?"

मी म्हणाले, अहो, खाट मीच आणायला लावली. पण तोवर सगळे अंगणातून बाहेर पडले होते.

मंगळवार, १३ मे

जसं झालं तसं लिहिते.

भाकरी घेऊन विहिरीवर गेले. भावजी पडलेल्या घडांतून बरे घड वेचत होते. हे, सत्यम आणि अप्पांकडची तिघं बांधावरून उतरले. यांच्या हातात घड कापायचा कोयता. मला वाटलं, घड कापायलाच आले.

सत्यमनं मागून भावजींचे केस धरले. बाकीच्यांनी केळीला टेका द्यायचे बांबू उचलले. बांबू ओले होते, आवाज धप्प येत होता. भावजी आधी शिव्या देत होते, मग नुसतं "दादा, दादा" म्हणत होते. मी टोपलं टाकून धावले. त्यांनी मला बघितलं. म्हणाले, "वैनी, तुमीच म्हनल्या व्हत्या ना, खाट आना. सांगा की दादाला."

मी सांगितलं. ओरडून सांगितलं. यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "खाट आनली का न्हाई ते इचारत न्हाई मी. कोन्त्या हातानं केलं ते सांग, दगड्या."

"कायबी केलं न्हाई, दादा. आईच्यान."

यांनी त्यांचा उजवा हात विहिरीच्या काठावर दाबून धरला. कोयता एकदा पडला. दगडावर वाजला. मग दुसऱ्यांदा.

चार बोटं. अंगठा राहिला.

साखराबाई कुठून आली कळलं नाही. ती किंचाळली नाही. तिनं पदर फाडून हात बांधला. मी ती बोटं केळीच्या पानात गुंडाळली. बर्फात ठेवतात असं ऐकलं होतं. गावात बर्फ कुठला. ओल्या फडक्यात घालून जीपमध्ये तिच्या मांडीवर दिली. नांदेडला मोठ्या दवाखान्यात नेलं.

हे घरी आले, अंघोळ केली, दोन भाकरी खाल्ल्या.

खर्च: निरमा मोठी पुडी १, १०. कोयता घासून न्हाणीमागं ठेवला.

गुरुवार, १५ मे

पोलीस आले. गावानं एका तोंडानं सांगितलं की दगडोबा पडलेले घड तोडताना घसरून स्वतःच्याच कोयत्यावर पडला. त्यांनी तसं लिहून घेतलं. मला विचारलं. सत्यम माझ्या मागं उभा होता. मी म्हणाले, मी नंतर पोचले.

भावजींना ताप भरला आहे, बोलण्यासारखे नाहीत. बोटं जोडली गेली नाहीत.

आज पोथी वाचताना एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिले. पुढं जाता येईना.

मंगळवार, २० मे

गावात आता यांचा मान वाढला आहे. पारावर गेले की आधी चहा यांना देतात. अप्पा स्वतः येऊन काचांचे पैसे देऊन गेले. हे मला आज गोड बोलले, बांगड्या भरून घे म्हणाले.

साखराबाई एकटी घरात आहे. तिला पिठाच्या गिरणीवर दळून देत नाहीत. काल तिच्या अंगणातला, गेल्या महिन्यात काढलेल्या हळदीचा ढीग कुणीतरी पेटवला. ओली-सुकी हळद, धूर पिवळा आणि डोळ्यांत जाळ. ती हातानं ओढून ओढून विझवत होती, कुणी गेलं नाही. मी परसातून भाकरी आणि मिरचीचा ठेचा दिला. तिचे तळहात भाजलेले.

"साखरा, माहेरी जा काही दिवस."

"कशाला जाऊ अक्का? गेले तर म्हनतील केलं व्हतं म्हनून गेली." मग म्हणाली, "पंधरा दिवसांनी सोडतो म्हनला डाक्टर. ह्यांना म्हनलं, हितंच राहू नांदेडला. म्हनले, मी काय केलं म्हनून तोंड लपवू, आपल्या घरी येतो."

घरी जेवताना सत्यम म्हणत होता, "येऊ दे त्याला. अप्पा म्हनले, येशीतच आडवायचा. आता हात न्हाई, मानच." हे जेवत राहिले. भाजीत मीठ कमी आहे म्हणाले.

रविवार, २५ मे

उद्या अमावस्या लागते, म्हणून समई घासायला घेतली.

समईच्या गळ्यापाशी आणि तबकडीखाली चिकटा बसतो, पिवळा, मधासारखा. ताजा असला तर बोटाला तार सुटते, जुना झाला की लाखेसारखा टणक होतो, चिंच लावून वर सुरीनं खरवडावा लागतो. लग्न झाल्यापासून खरवडत आले. करडईच्या तेलाची रीतच ती. सांडलं की वाळून कातडं धरतं.

आज अर्धी समई खरवडली आणि हात थांबला.

उठून मशीनच्या खणातून वडिलांची कुपी काढली. उलटी केली, दाबली. थेंब येईना. चोच बुजली होती. टाचणी घातली तर टोकाला पिवळा गोळा निघाला, त्यात मुरमाची तांबडी धूळ. मशीनचं चाक फिरवून बघितलं. गेल्या महिन्यात मशीनलाही हेच तेल घातलं होतं. चाक अर्धा वळसा घेऊन थांबलं.

"हे जड लागतंय," सुदर्शन म्हणाला होता.

तेव्हापासून जमिनीवर बसून आहे. समई तशीच पडली आहे. पेटीवरचे आकडे आठवत राहिले. तेल घालण्याआधी अठरा, बावीस. नंतर आठ, नऊ. मी वाऱ्याचे उपकार मानत होते.

पण मी यंत्रातली नाही. वडील मशीनला तेल घालायचे आणि ती हलकी व्हायची, हेही डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यांच्या बाटलीत कोणतं तेल असायचं ते मी कधी विचारलं नाही. माझी शंका खरी निघू दे असं मागावं की खोटी निघू दे, ते कळत नाही. देवापुढं बसले आणि काहीच न मागता उठले.

यांना सांगून बघावं असं एकदा मनात आलं. हे ओट्यावर बसून कोयत्याला धार लावत होते. मोडलेली खोडं साफ करायची आहेत म्हणाले. मी चहा ठेवून आत आले.

सोमवार, २६ मे

सकाळी हे पारावर गेल्यावर कोयता उचलून करडईच्या पोत्यांखाली अगदी तळाशी घातला. विचारलं तर म्हणेन, बघितला नाही.

सुदर्शनचा फोन त्या दिवसापासून बंद लागतो. आणि तोंडी सांगून उपयोग काय. माझ्या सांगण्यावर हे गाव थांबणार नाही, त्या दिवशी विहिरीवर थांबलं नाही. कंपनीचा कागद लागेल, शिक्क्याचा, मल्लिनाथअप्पांना पारावर वाचून दाखवता येईल असा. वर पेटीवर लातूरचा पत्ता चिकटवलेला आहे, तो उतरवून घेतला. उद्या अर्धापूरच्या बाजारात जाऊन स्वतःच्या हातानं पत्र टाकणार. पाकीट आणि तिकीट मिळून जे लागेल ते उद्या लिहीन.

पत्राचा मजकूर आधी इथं लिहिते, मग स्वच्छ उतरवून काढीन.

श्री. सुदर्शन यांस, तारामती किशनराव यांचा नमस्कार.

तुम्हाला आमच्या अंगणात मार बसला, त्याची क्षमा मागते. ओठ बरा झाला असेल. तुमच्या चपला जपून ठेवल्या आहेत.

तुम्ही नेलेल्या भिंगरीबद्दल लिहीत आहे. हनुमान जयंतीपासून दर शनिवारी मी तिच्या मानेत करडईचं तेल घातलं, चार-पाच वेळा. चांगल्या मनानं घातलं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी जिन्यात होते आणि बोलले नाही. भिंगरी उघडली नसेल तर कृपा करून उघडा. आत पिवळा, मेणासारखा चिकटा असेल तर नखानं काढून वास घ्या. करडईचा आला तर तो माझ्या घरचा. दुसऱ्या कुणी काही अडकवलेलं असेल, तार, दोरा, काडी, तर तेही तसंच लिहा. जे निघेल ते खरं लिहा, माझी भीड धरू नका.

दगडोबा म्हणून आमचे दीर आहेत. भिंगरी त्यांनी अडवली असं धरून गावानं त्यांची चार बोटं तोडली, ती माझ्या घरच्या हातांनी. येत्या दहा दिवसांत ते दवाखान्यातून गावी येणार आहेत. तोवर कागद आला नाही तर ते वेशीतून आत पोचणार नाहीत. त्यांनी आमच्या गच्चीवरून माझ्या कुरडयांची खाट खाली आणली, एवढंच केलं.

कागद मराठीत असावा, अक्षर मोठं असावं, खाली शिक्का असावा. त्यात तेल कुणी घातलं ते माझं नाव घालून लिहावं, नुसतं "बिघाड" लिहिलं तर दुसरा कुणी धरतील. आमच्या घरी टपाल आधी मुलाच्या हातात पडतं, म्हणून माझ्या पत्त्यावर पाठवू नये. पाकिटावर सौ. साखराबाई दगडोबा, असं नाव घालावं. ती चौथी शिकली आहे, तिला वाचता येतं. मी तिला अजून काही सांगितलेलं नाही, ते तुमच्याच कागदातून तिला कळू दे. कागद हातात आल्यावर माझं काय करायचं ते ती ठरवील.

तरी भिंगरीच्या आत काय निघालं, ते उलट टपाली कळवावं.